खंडेनवमीचा फ्रीझर

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
दुपारीच आवरलं. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू, झेंडू. कमलताई कामाला नवीन, पण स्टेपलरलाही हार घातला. म्हटलं, "मलाही घाला, मीही चालतोच." "शेट, तुम्हाला कुठं बटन हाय," म्हणाली. कुलूप तिनेच लावलं. उद्या दसरा, सुट्टी.
परवा सायली तिच्या पीएच.डी.साठी आपल्याकडून फ्रीझरमधल्या सहा कुप्या विकत नेणार. आय.एल.-६. माणसाच्या शरीरातलंच, आजारात वाढणारं प्रोटीन, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. बायकोच्या, नंदाच्या, शेवटच्या रिपोर्टात हेच नाव, पुढे ठळक आकडा. लेबल मी वाचत नाही. खोक्याचा नंबर बघतो.

३ ऑक्टो., शुक्र.
अकराला पोचलो. सायली माल घेऊन गेलेली. दारातच ऐकलं, फ्रीझर धापा टाकतोय. गार फ्रीझर थांबून थांबून बोलतो.
"कमलताई, हा बंद होता?"
"व्हय. पूजा करून निजवला. आमच्याकडं खंडेनवमीला मोटार, ट्रॅक्टर, समदं निजवतात. आज आल्या आल्या केला चालू."
इतक्या समाधानाने सांगितलं की रागावता येईना. आत काय असतं ते मीच सांगितलं नव्हतं.
कुप्यांच्या कंपनीवाल्याला फोन. "कोरडी पावडर आहे, दोन दिवसांत काही होत नाही, बहुतेक."
बहुतेक.

४ ऑक्टो.
सायलीला फोन लावला, उचलायच्या आत कट केला.
करोनात नंदाचं इंजेक्शन मुंबईहून थर्मासमध्ये आणलं. कसाऱ्याला ट्रॅफिक. घाटात थर्मास हलवून पाहिला. बर्फ खडखडला नाही, नुसतं पाणी डचमळलं. डॉक्टर म्हणाले, "थंड आणलंत ना?" हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी नंदा गेली. इंजेक्शन वाया गेलं होतं की वेळच निघून गेली होती... हे आजवर कुणाला बोललो नाही.

५ ऑक्टो., रवि.
सायलीला सांगून टाकलं. फ्रीझरचं.
"काका, दोन कुप्या कालच पेशींवर घातल्या. पेशंटनी दिलेल्या रक्तातल्या आहेत त्या, पुन्हा नाही मिळणार. शुक्रवारीच नाही का सांगायचं?"
"चुकलं."
मग म्हणाली, "प्रोटीन चांगलं असेल तर पेशी उत्तर देतील. बुधवारी कळेल."

८ ऑक्टो., बुध.
चारला सायलीचा फोन. एका कुपीला पेशींनी उत्तर दिलं, दुसरीला नाही. एकाच खोक्यातल्या, एकाच फ्रीझरमधल्या.
म्हणजे नंदाचं...
नवा माल यायला तीन आठवडे. सायलीच्या उरलेल्या पेशी फार तर परवापर्यंत जगतील.
"काका, राहिलेल्या चार कुप्या वापरू की टाकून देऊ? तुम्ही इतकी वर्षं हा माल हाताळताय."
म्हटलं, थांब जरा.
"थांबते. फोन ठेवू नका."
फोन टेबलावर उताणा ठेवून हे लिहितोय. तिकडे तिने खुर्ची ओढली. आता नुसता श्वास ऐकू येतोय.