मागे न पाहता

रविवार, संध्याकाळ. होस्टेल, अमरावती.

आज अकोल्यात विद्यापीठाच्या हंगामातली शेवटची रिले होती, आणि मी धावता धावता मागे वळून पाहिलं. वर्षभर सरांनी एकच गोष्ट घोटून घेतली: मागची "घे" म्हणाली की न पाहता हात मागे करायचा, बॅटन हातात येतंच. वैशूचं "घे" तर मी झोपेतही ओळखेन. आज ते ऐकू आलं, हात मागे गेला, आणि हातात काहीच नाही.

म्हणून पाहिलं. वैशू मांडी धरून लंगडत येत होती. ज्या रेषेच्या आत बॅटन घ्यायचं, तिथे मी थांबलेच. बॅटन मिळालं, पदक गेलं.

"मागं काहून पाह्यलं तू?" सर ओरडले. बॅटनशिवाय रेषा ओलांडली असती तर बाद झालो असतो, हे सांगता आलं असतं. पण खरं ते नव्हतंच. हात रिकामा राहिला तेव्हा मला बॅटन आठवलंच नाही. हिला काय झालं, एवढंच.

गाडीत बडनेऱ्यापर्यंत वैशू खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचं हे शेवटचं वर्ष. माझ्यावर चिडली असेल, की स्वतःवर?

स्टेशनच्या पुलावर दोघींच्या बॅगा एका खांद्यावर टाकून मी पुढे चालले होते. मागून आवाज आला, "घे."

हात आपोआप मागे गेला. या वेळी मी पाहिलं नाही. तिनं त्यात आपला हात ठेवला.

"हळू चाल वो आता. मले पायऱ्या उतरता येऊन नाही राहिलं."