कापणी माझी, वाहतूक शरणप्पाची

३ मार्च १९८५, रविवार
आजपासून रोजनिशी. माणूस पुढं मोठा झाला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली. तेव्हा आठवत बसायला नको.

कॉलेज सुटून वीस दिवस. सुटून नव्हे, सोडून. फिजिक्सच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझं जर्नल फेकलं. मीही फेकलं. फरक एवढाच की माझं त्यांना लागलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझा विश्वासघात झाला, बाकी काही नाही. गावी निलंग्याकडं कळवलेलं नाही. बाबांना वाटून राहिलंय, परीक्षा जवळ आली म्हणून पोरगं येत नाही.

धंदा ठरला. लॉन कापणे. लातूरचा जिल्हा झाला तशी साहेब लोकांची कॉलनी उठली. पाच बंगले, पाच लॉन. गावभर धुरळा, पण बंगल्यांच्या बोअरला पाणी हाय. मशीन हैदराबादच्या जुन्या बाजारातलं, हातानं ढकलायचं. नाव माझंच: पंचाक्षरी लॉन सर्व्हिस. प्रोप्रायटर मी.

खरं कारण लिहायला हरकत नाही, वाचणारं कुणी नाही. शिवकांता. अण्णाराव दूधवाल्याची मुलगी. दोन म्हशी, आणि कडबा सोन्याच्या भावानं. परवा ती कॉलनीच्या फाटकाशी माळी खाजामियाँला विचारत होती, "चाचा, कापलेलं गवत टाकून देता का?" टाकून देता का म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं. मला टाकू नका, असा त्याचा अर्थ.

संकल्प: कापलेलं सगळं गवत अण्णारावच्या गोठ्यात. एक महिन्यात मागणी.

४ मार्च, सोमवार. दुपारी १
कापायला चाळीस मिनिटं. गोळा करायला अडीच तास.

हे कुणी सांगितलं नव्हतं. साहेबीणबाईंची अट, दहाच्या आत लॉनवर काडी दिसता कामा नये. खराट्यानं लोटलं तर गवत गुलाबाच्या आळ्यात. हातानं वेचलं तर कंबर गेली. मध्येच वावटळ आली आणि पहिल्या बंगल्याचं गवत दुसऱ्या बंगल्यात गेलं, जिथलं मी आधीच साफ केलं होतं. निसर्गसुद्धा उलटला.

उरलेलं पोत्यात कोंबून सायकलच्या कॅरियरला बांधलं. पोत्याला भोक. गंजगोलाईच्या बाजारापर्यंत माझ्यामागं नऊ शेळ्या. अण्णारावच्या दारात पोचलो तेव्हा पोत्यात मूठभर. शिवकांता बघून म्हणाली, "हे म्हशीला आणलं का कोंबडीला?" आणि हसली. अनोळखी माणसाशी मुली असं हसत नसतात.

६ मार्च, बुधवार
डोकं लावलं. सायन्सचा माणूस हाय मी.

पट्टे पाडून कापायचं. दोन पट्ट्यांमध्ये चादर अंथरायची आणि कापत कापत ती ओढत न्यायची. आईनं दिलेली सोलापुरी चादर वापरली. ती हिरवी झाली, पण पाच बंगले सव्वानऊला साफ. खाजामियाँ म्हणाला, "अच्छा दिमाग है रे." कॉलेजात तीन वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. (पावणेदोन वर्षांत.)

अडचण फक्त नेण्याची. गवत फुगतं. सायकलीवर दोन खेपा होतात, आणि दुसऱ्या खेपेला शिवकांता घरात गेलेली असते.

९ मार्च, शनिवार
उत्तर सापडलं. आमच्याकडं जिनिंगमध्ये कापूस कसा भरतात? पोत्यात उभं राहून पायानं तुडवतात. मी लहानपणी काकाबरोबर किती तुडवलाय. तसंच गवत भरलं. चार पोत्यांचं एक झालं! सायकलीचं पुढचं चाक वर उठायला लागलं इतकं वजन.

खाजामियाँ म्हणाला, "बेटा, रुई नहीं है ये. हिरवी घास है, गरम होती." त्याला म्हटलं, चाचा, तुम्ही पाणी घाला, विज्ञान आम्ही बघतो.

उद्या रविवार, गोठ्यात साठा हवा. म्हणून आजच दोन पोती गच्च भरून अण्णारावच्या छपरात रचून आलो. अण्णाराव म्हणाला, "लई उपकार झाले बघा." सासरे असे नम्र हवेत.

११ मार्च, सोमवार
लिहू नये असं वाटतं.

अण्णारावनं काल संध्याकाळी पोतं सोडलं तर आतून वाफ. गवत काळं, हात लावला तर पोळतंय, वास शिंदीच्या दुकानासारखा. थोरल्या म्हशीनं तोंड फिरवलं. धाकटीनं खाल्लं आणि आज सकाळी दूध निम्मं.

मी गेलो तर अण्णाराव गल्लीत ऐकू जाईल असा बोलला. "शिकलेली माणसं म्हशीला दारू पाजून राहिली!" मीही गरम डोक्याचा. म्हणालो, तुमच्या म्हशीलाच पथ्य सांभाळता येत नाही. तो म्हणाला, पुन्हा गोठ्यात पाय टाकला तर बघा.

शिवकांता मध्ये पडली. "गवत चांगलंच असतंय हो, फक्त ताजं पायजे. तासाभरात पोचलं तर म्हशी चाटून पुसून खातील." भर भांडणात माझी बाजू घेतली. बापासमोर.

धाकट्या म्हशीनं दगा दिला हे मात्र मी विसरणार नाही.

१३ मार्च, बुधवार
मोठा निर्णय. धंद्याची विभागणी.

कापणं हे डोक्याचं काम. नेणं ही हमाली. हमाली करण्यात माझा वेळ वाया जाऊन राहिला होता. शिवाय गोठ्यात मला बंदी. तेव्हा शरणप्पाला घेतलं. माझ्याच खोलीच्या मालकाचा पुतण्या, वर्षभर रिकामा. त्याच्याकडं राजदूत मोटारसायकल. दुधाच्या कॅनसारखी दोन्ही बाजूंना दोन दोन पोती, सैल भरलेली. कॉलनी ते गोठा दहा मिनिटं.

त्याला सगळं विश्वासानं सांगितलं. शिवकांताबद्दल पण. म्हणालो, तू फक्त पोतं ठेव आणि माझं नाव घे. तो म्हणाला, "हाव, घेतो की. त्यात काय." साधा गडी हाय. बोलायला लाजतो.

१६ मार्च, शनिवार
व्यवस्था घड्याळासारखी चालू. सहाला कापायला सुरुवात, पट्टा-चादर पद्धत, सातला पहिली खेप. म्हशी खाऊन राहिल्या. अण्णारावचा राग गेला म्हणे.

शरणप्पाला विचारलं, तिनं काही विचारलं का? तो म्हणाला, "विचारलं." काय? "किती वाजता येता रोज, म्हणून." बघा. वेळ विचारते. माझ्या गवताची वाट बघते.

१९ मार्च, मंगळवार
पोत्यात चिठ्ठी घातली. वर नको म्हणून गवताच्या मध्यात. चार ओळी, त्यातल्या तीन यमकात.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. लाजली असेल.

२० मार्च, बुधवार
शरणप्पा म्हणाला, चिठ्ठी थोरल्या म्हशीनं खाल्ली. त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मी विचारलं, तू काढून का नाही दिलीस? तर म्हणे, मी त्या वेळी चहा पीत होतो.

चहा कुठं? "आत."

२२ मार्च, शुक्रवार. पाडवा
सणाचं पण कापलं. साहेब लोकांकडं पाहुणे. गवत भरपूर. शरणप्पा नवा शर्ट घालून आला. म्हटलं पोती उचलायला नवा शर्ट कशाला? तो म्हणाला, सण हाय.

सातला गेला तो साडेनऊला परत. दहा मिनिटांच्या वाटेला. त्याच्या दाढेत पुरणपोळी अजून होती. मी खाजामियाँबरोबर केळी खाल्ली.

निष्कर्ष: राजदूतचा प्लग खराब असावा. उद्या दाखवून घ्यायला सांगितलं.

२७ मार्च, बुधवार
प्लग नवा टाकला. आज यायला तीन तास. मिस्त्रीपण फसवून राहिले आजकाल.

तोवर भरलेली पोती उन्हात राहतात, म्हणून मी लिंबाखाली ओल्या बारदान्यावर गवत पसरायची पद्धत काढली. दोन तास हिरवंगार. पद्धत इतकी चांगली झाली की शरणप्पाला आता घाई करायची गरजच उरली नाही. तोही तसंच म्हणाला.

खाजामियाँनं पाण्याची नळी खाली ठेवली. मग म्हणाला, "बेटा, एक दिन तू लेके जा. उसको बोल काटने." मी हसलो. शरणप्पाला सरळ पट्टा येत नाही. लॉनची वाट लागेल. साहेबीणबाईंना काय सांगू?

माळी माणूस. त्याला मॅनेजमेंट कळत नाही.

१ एप्रिल, सोमवार
शरणप्पाकडून बातमी. शिवकांता म्हणाली, "तुमचे ते कापणारे लई मेहनती हाईत." कापणारे! मेहनती! मी तिसऱ्या बंगल्याचं लॉन दोनदा कापलं. दुसऱ्यांदा काही निघालं नाही.

आता मागणीच घालायची. फक्त बाबांना कसं सांगायचं? कॉलेजचं अजून त्यांना माहीत नाही.

५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११
आंघोळ न करताच लिहायला बसलोय.

अण्णाराव स्वतः कॉलनीत आला! फाटकाशी टोपी काढून उभा. म्हणाला, "मागचं मनात ठेवू नका. रविवारी दुपारी आमच्याकडं बैठक हाय, सुपारी फोडायची. तुम्ही पायजेच. तुमच्यामुळंच जमलं हे सगळं. तुमच्याबिगर न्हाई व्हायचं."

मी नुसती मान हलवली. मी मागणी घालायच्या आत त्यांनीच घातली. मुलाकडची वडीलधारी माणसं लागतात, पण बाबांना आत्ताच नको. नव्या जमान्याचं लग्न. अण्णारावलाही चालत असणार, त्यानं विचारलंच नाही.

शरणप्पाला मिठी मारली. तो गडी रडला. म्हणाला, "तू रागावशील वाटलं होतं." वेडा. मी कशाला रागावू? तुझी हमाली सुटणार म्हणून?

पांढरा शर्ट इस्त्रीला. कापताना हिरवी झालेली नखं लिंबू लावून घासली. जात नाहीत.

७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७
लिहून टाकतो. लिहिलं की संपतं म्हणतात.

सतरंजीवर दोन रांगा. एका बाजूला अण्णारावची माणसं, दुसऱ्या बाजूला पाहुणे. मला पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. बरोबरच वाटलं, मुलाकडचा मीच. शरणप्पा कोपऱ्यात खाली मान घालून. त्याच्याशेजारी त्याचा काका, माझ्या खोलीचा मालक चन्नबसप्पा. म्हटलं, बघा, माझं कुणी नाही म्हणून मालक धावून आले. बसल्या जागेवरून हात जोडले.

चन्नबसप्पा म्हणाले, "यादी कोण लिहितंय? कॉलेजात शिकलेलं पोरगं हाय की. अक्षर चांगलं असंल." कागद माझ्या हातात. स्वतःच्या लग्नाची यादी स्वतः लिहिणारा लातूर जिल्ह्यात मी पहिलाच. ॥ श्री ॥ लिहिलं. वधू: चि. सौ. कां. शिवकांता अण्णाराव. आत पडद्याआड बांगड्या वाजल्या. त्याखाली 'वर:' असं लिहिलं आणि कुणी सांगायच्या आत पुढं चि. पंचाक्षरी.

चन्नबसप्पा सांगायला लागले, "वर, चिरंजीव शरणप्पा."

मी म्हणालो, काय?

त्यांनी पुन्हा सांगितलं. सावकाश, बहिऱ्याला सांगतात तसं. मग कागदात डोकावले आणि हसले. "अरे, तुझं नाव खाली येतंय. यादी लिहिणारा म्हणून, शेवटी." सगळी सतरंजी हसली. अण्णाराव म्हणाला, पोरगं लई भोळं. खाडाखोड अशुभ म्हणून नवा कागद दिला.

नव्या कागदावर सगळं लिहिलं. पातळं किती, भांडी कोणती, वऱ्हाडाचं जेवण कुणाकडं. माझं अक्षर कुठंही हललं नाही. शेवटी अण्णाराव म्हणाला, "आणि एक लिहा. पाऊस पडेपर्यंत म्हशींना हिरवं गवत, मुलाकडून." शरणप्पानं मान डोलावली. मी लिहिलं. मुलाकडून.

सुपारी पण मलाच फोडायला दिली. म्हणे दोन्ही बाजूंचा माणूस. एका घावात फुटली.

८ एप्रिल, सोमवार
आज कापलं नाही.

शरणप्पा सकाळी पोती घ्यायला आला. त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, "पण मी रोज तुझं नाव घेत होतो रे. देवाशपथ. पंचाक्षरीनं पाठवलं म्हणूनच द्यायचो." मग रिकामी पोती घडी घालत म्हणाला, "ती म्हणायची, नावाचं काय, आणणारा कोण ते सांगा."

संकल्प: १. मशीन विकणे. २. जन्मात हिरव्या रंगाचा शर्ट नाही. ३. मित्र नावाची गोष्ट बंद. ४. बाबांना पत्र. उद्या.

ज्यांच्यासाठी मी चादर घालवली त्यांच्या म्हशी आज काय खातील ते मला बघायचंय.

९ एप्रिल, मंगळवार
पत्र लिहायला बसलो होतो, कॉलनीतल्या लिंबाखाली. साडेआठ वाजता फाटकात शिवकांता. एकटी. महिनाभरात पहिल्यांदा माझ्या कामाच्या ठिकाणी.

मी उठून उभा राहिलो. वाटलं, तिला कळलं. सुपारी फुटली तरी माणसं फिरतात. असं झालेलं हाय.

ती म्हणाली, "दादा, कालपासून म्हशी नुसत्या हंबरून राहिल्या. मशीन बिघडलं का?"

मी म्हणालो, हो. आत्ताच दुरुस्त झालं.

दोन बंगले कापले. मी चादर आणायला वळलो तर तिनं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात कोपरापासून जमिनीला टेकवून गवत ओढत ओढत पुढं आली. माणसानं ताटातला भात गोळा करावा तसं. मागं काडी नाही. जुन्या लुगड्याच्या धडप्यावर ढीग घातला, चारी टोकं बांधली, भारा डोक्यावर. मी घड्याळ बघत होतो. दोन्ही लॉन मिळून बारा मिनिटं.

खाजामियाँनं माझ्याकडं बघितलं नाही. बरं केलं.

जाताना म्हणाली, "उद्यापासून मीच येते दादा, त्यांना कशाला उगीच गाडीचा त्रास. तुम्ही फक्त सहाच्या ऐवजी साडेपाचला सुरू करता का? मला घरी जाऊन त्यांचा चहा-नाष्टा करायचा असतो."

मी करतो म्हणालो.