प्रदर्शनातल्या पंपाचं हळदीकुंकू

२८ सप्टेंबर, रविवार
क्लिनिकमध्ये बीपी १६० निघालं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, रोज एका वहीत लिहा की आज कशाची भीती वाटली. मी सांगितलं, मला भीती कशाचीच वाटत नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून ही वही. दुसऱ्या कुणी वाचायची नाही. सुदामने तर नाहीच.

आधी माहिती. मी किसन. मुक्काम दोह्याबाहेरच्या कामगार वस्तीत, बिरकत अल अवामेरला, नोकरी दोह्यातल्या द पर्लमधल्या एका छोट्या आर्ट गॅलरीत. पोस्ट टेक्निकल सुपरवायझर. चित्रं टांगणं, लाइट बसवणं, एसी आणि ह्युमिडिटी बघणं. हाताखाली सध्या कुणी नाही, पण पोस्ट सुपरवायझरचीच. सुदाम माझा रूममेट, आमच्याच गावचा, गॅलरीची व्हॅन चालवतो. माणूस चांगला, फक्त जरा घाबरट आहे.

कॉन्ट्रॅक्ट ३१ ऑक्टोबरला संपतंय. नवीन कागद हनिया मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडलेत. मॅडम जॉर्डनच्या, गॅलरीच्या मॅनेजर. सही झाली नाही तर परत केज तालुक्यात. थोरल्या लेकीचं नर्सिंगचं पहिलंच वर्ष चालू आहे. शिवाय बबीताने गावभर सांगून ठेवलंय की आमचे हे दोह्यात प्रदर्शनं भरवतात.

संकल्प: सही होईपर्यंत एकही चूक करायची नाही. अवघड काही नाही. सहा वर्षांत केलेली नाही.

आजची भीती: नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. हत्यारांची पूजा मी चुकवत नाही. मॅडम जेवायला गेल्यावर स्टोअरमध्ये मांडामांड केली. ड्रिल, हातोडी, लेव्हल, पाने, शिडी. उदबत्ती लावली नाही, वर स्मोक डिटेक्टर आहे. सुपरवायझरला असा विचार करावा लागतो.

सकाळीच सुदामने उत्तरेकडच्या कुठल्यातरी शेतावरून एक जुना डिझेल पंप आणून ठेवला होता. नाव नाही, चिठ्ठी नाही. मी समजलो, बेसमेंटचं पाणी उपसायला मॅडमनी जुना घेतला असेल. आमच्या मळ्यात खंडेनवमीला पहिला मान विहिरीवरच्या इंजिनाचा, बाकीची हत्यारं नंतर. मग याला कोरडं कसं ठेवणार? हळदीची पाच बोटं उठवली, त्यावर कुंकू, वर झेंडूचं फूल. नमस्कार केला. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत इंजिनाला हात लागला नव्हता.

सुदाम म्हणाला, कुणाचं आहे ते विचार तरी. मी म्हटलं, इंजिन ते इंजिन, त्याला काय विचारायचं. संध्याकाळी फूल काढून घेतलं. हळदीकुंकू तसंच ठेवलं, ते पुसायचं नसतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सकाळी हॉलमध्ये गेलो तर मधोमध पांढऱ्या चौथऱ्यावर पंप.

मॅडमनी समजावून सांगितलं. हा आपल्या प्रदर्शनातला मुख्य पीस. कलाकार जियाद, इथलाच, सध्या लंडनला आहे, तेराला येईल. उद्घाटन पंधराला. पंप त्याच्या आजोबांच्या शेतावरचा, विहीर आटली तेव्हापासून बंद. जसा आहे तसाच दाखवायचा. धुळीचा कणसुद्धा हलता कामा नये, ग्लोव्हज घातल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही.

मी माझ्या पाच बोटांकडे बघत होतो. पिवळीधमक. पंपावरची पण आणि माझ्या हाताची पण. हात खिशात घातला.

मॅडम हळदीकडे बघून म्हणाल्या, काय सुंदर रंग आहेत. मला टोमणा कळतो. मी म्हटलं, रस्ट, मॅडम. त्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मी दिवसभर लावत होतो. एकतर त्यांना सगळं कळलंय आणि त्या माझ्या तोंडून काढायला बघताहेत, नाहीतर अजून कळायचंय. दोन्हीत माझं तिकीट निघतं.

आजची भीती: तशी नाही. पाय कापत होते, पण एसी १९ वर होता.

५ ऑक्टोबर, रविवार
शुक्रवार-शनिवार अंथरुणात पडून विचार केला. प्रदर्शनातल्या वस्तूला हात लावला, हा एक गुन्हा. ड्युटीवर पूजा केली, हा दुसरा. मॅडमनी रंगाचा विषय काढल्यावर रस्ट म्हणालो, हा तिसरा. सुदाम म्हणतो, सांगून टाक, मी येतो सोबत. बबीता फोनवर म्हणाली, माणसंच आहेत ती, सांगा सरळ. दोघांनाही आर्टमधलं काही कळत नाही.

मॅडम आज दोनदा पंपाजवळ थांबल्या. एकदा तर खाली वाकून बघितलं.

निर्णय: पुसायचं. पाच मिनिटांचं काम. मग खलास.

६ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी सातलाच सुदामला घाई करून व्हॅन काढायला लावली. ग्लोव्हज घातले, नियम म्हणजे नियम. ओल्या फडक्याने कुंकू गेलं. हळद जाईना. साबण लावला, जाईना. शेवटी थिनर घेतलं. हळद गेली, तिच्याबरोबर कित्येक वर्षांचा गंजही गेला. आता पंपावर पाच ठिकाणी लोखंड नवीन भांड्यासारखं चमकतंय. आधी नुसतं हळदीकुंकू होतं, आता डॅमेज आहे.

घाबरलो नाही. लाइट माझ्याच ताब्यात आहेत. त्या बाजूचा स्पॉट भिंतीकडे वळवला. पंपाची ती कड अंधारात गेली. मॅडम आल्या, म्हणाल्या, ड्रामॅटिक वाटतंय, छान. सुपरवायझर उगाच नाही म्हणत.

७ ऑक्टोबर, मंगळवार
अंधारातसुद्धा चमकतं. कडक चहाचा कोट द्यायचा विचार डोक्यात आला. टपरीवरून करक, म्हणजे इथला वेलचीचा चहा, आणला, ब्रशने चार कोट दिले. रंग बऱ्यापैकी जुळला. गावाकडे असतो तर या डोक्याचं काहीतरी झालं असतं.

८ ऑक्टोबर, बुधवार
मॅडमनी विचारलं, हॉलमध्ये वेलचीचा वास कुठून येतोय. मी म्हटलं, एसीचा फिल्टर. दिवसभर फिल्टर काढून धूत बसलो. मुंग्या नाहीत, नशीब. बीपी १७०. मशीन चिनी आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार
निमंत्रणपत्रिका छापून आली.

कव्हरवर पंपाचा फोटो. जवळून घेतलेला. मधोमध हळदीची पाच बोटं आणि कुंकू, एकेका बोटावरच्या रेषा मोजाव्यात इतकी स्पष्ट. म्हणजे पंप आला त्या संध्याकाळीच मॅडमनी फोटो काढले होते, आणि मी चार दिवस पुरावा पुसत होतो तेव्हा पुरावा प्रेसमध्ये होता. चारशे कार्डं. मॅडमनी एक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, घरी पाठव.

संडासात जाऊन बसलो. बराच वेळ बाहेर येता येईना. लेकीचा चेहरा समोर येत होता.

बोटांचे ठसे जुळवायला बोलावतील. उजव्या हाताला बँडेज बांधलं. सुदामने विचारलं, काय झालं. ड्रिल लागलं म्हटलं. तो म्हणाला, सांगून टाक रे. मी म्हटलं, तू तुझी व्हॅन बघ.

१३ ऑक्टोबर, सोमवार
जियाद आला. माझ्याच वयाचा, पांढराशुभ्र पायघोळ थोब, मऊ बोलणारा. पंपाभोवती एक चक्कर मारली आणि जिथे स्पॉट नव्हता त्याच जागी येऊन उभा राहिला. मोबाइलचा टॉर्च लावला. मग मॅडमशी अरबीत बोलला. चेहरा पडलेला. मला एकच शब्द कळला, हिंदी, म्हणजे आपण इंडियन लोक.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं कॉन्ट्रॅक्ट, पेन त्याच्यावरच. म्हणाल्या, पंपावर लाल-पिवळी खूण होती, ती शेतावरून आली नव्हती, इथे कुणीतरी केली. आता ती नाहीये. कुणी केली आणि कुणी पुसली, शोधून काढ. तू सुपरवायझर आहेस. उद्यापर्यंत रिपोर्ट.

म्हणजे चौकशी अधिकारी मीच. एका अर्थाने हा विश्वासच आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
रिपोर्ट दिला. पुसली कुणी: हवेतली ह्युमिडिटी, ६४ टक्के. केली कुणी: यावर फार विचार केला. पंप व्हॅनमध्ये कुणी घातला? सुदामने. उतरवला कुणी? सुदामने. हिंदू कोण? तोही. मी खोटं लिहिलं नाही, बहुतेक ड्रायव्हर सुदाम असावा, असं लिहिलं. बहुतेक हा शब्द मुद्दाम घातला.

सुदामचं इथे फारसं अडणार नाही. त्याला गावी पाच एकर आहे, आणि त्याला परत जावंसं वाटतं, असं तो मागे एकदा म्हणाला होता. व्हिसा गेला तर माझी मोठी बॅग त्याला देईन. एअरपोर्टवर सोडायला जाईन.

दहा वाजता त्याला बोलावलं. काचेतून दिसत होतं. मॅडम, जियाद आणि मध्ये सुदाम. त्याने एकदाच वळून काचेतून माझ्याकडे बघितलं. मी शिडी सरकवली. अर्ध्या तासाने तो बाहेर आला. मी विचारलं, काय म्हणाले. तो म्हणाला, मी केलं म्हणून सांगितलं. बस्स, एवढंच. मग व्हॅन धुवायला गेला.

जेवण गेलं नाही. भीती नाही. दुसरंच काहीतरी वाटतंय, त्याचं नाव डॉक्टरांना विचारायला पाहिजे.

१५ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ६
आज उद्घाटन. सुदाम इस्त्री करतोय. मॅडमनी त्याला संध्याकाळी सहाला हॉलमध्ये यायला सांगितलंय, चांगले कपडे घालून. सगळ्यांसमोर कामावरून काढणार, असं दिसतंय. मी त्याच्या बाजूने बोलायचं ठरवलंय. वेळ आली तर खरं सांगून टाकीन. हो, सांगीनच. बँडेज सोडलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार, उद्घाटनानंतर
जे झालं ते क्रमाने लिहितो.

दीडशे लोक. जियाद इंग्लिशमध्ये बोलला, सावकाश, म्हणून मला कळलं. लहानपणी आजोबांच्या शेतावर हा पंप चालवायला एक हिंदी माणूस होता. तो वर्षातून एकदा पंपाला लाल-पिवळी खूण करायचा आणि पोरांना खोबरं द्यायचा. माणूस गेला, विहीर आटली, खूण कधीच निघून गेली. आणि या महिन्यात लंडनला फोटो आले त्यात तीच खूण, ताजी. तो म्हणाला, फोटो बघून मी रडलो. गॅलरीत सगळे आर्टला घाबरून लांब उभे राहतात. एक माणूस न घाबरता जवळ गेला, त्याने पंपाला पंपासारखं वागवलं. मला त्या माणसाचे आभार मानायचे आहेत.

आणि त्याने सुदामला पुढे बोलावलं.

सुदाम जागचा हलला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला अजून बोलता आलं असतं. पण दीडशे लोक होते, आणि मॅडम होत्या, आणि खूण कुणी केली याच्या मागोमाग कुणी पुसली हे येणारच होतं. मी वर स्पॉटकडे बघत राहिलो, एखादा हललाय का ते. सुदाम पुढे गेला.

टाळ्या वाजल्या. जियादने त्याला मिठी मारली आणि विचारलं, ती खूण पुन्हा करशील का. सुदामला कुठलं येतंय, त्यांच्या घरी हे सगळं बायको बघते. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, कुंकू आहे का तुझ्याकडे. मी स्टोअरमधून डबी आणली, कागदी ताटलीत हळद कालवली, ताटली धरून त्याच्या मागे उभा राहिलो. त्याने विचारलं, कोणतं बोट. मी सांगितलं, हळद पाचही बोटांनी, कुंकू करंगळीशेजारच्या. त्याने बोटं उठवली ती चहाच्या डागांवर. थोडी फिसकटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथऱ्यावरच्या पाटीवर आता जियादच्या नावाखाली सुदामचं नाव आहे.

व्हॅनमध्ये मी विचारलं, काल हो का म्हणालास. तो म्हणाला, टेबलावर तुझा कागद दिसत होता, सही व्हायची होती. मग रेडिओ लावला. रूमवर आल्यावर त्याने भात टाकला, माझ्याही वाटणीचा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
कॉन्ट्रॅक्टवर सही झाली. दोन वर्षं. नवीन कलम आहे: सुपरवायझरने कुठल्याही पीसला हात लावायचा नाही. मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, तुला तसंही भीतीच वाटते. वेलचीबद्दल काही बोलल्या नाहीत. बीपी १३०.

गॅलरीने उद्घाटनाचा फोटो टाकला, सुदामने तो गावच्या ग्रुपवर पाठवला. बबीताचा लगेच मेसेज. सुदामभावजींचं गावात फार कौतुक चाललंय, सरपंचांनी स्टेटस ठेवलंय. आणि विचारते, त्यांच्या मागे ताटली धरून कोण उभं आहे, तोंड कापलं गेलंय, शर्ट तुमच्यासारखा वाटतो.

मग लिहिलं, स्टाफपैकी कुणीतरी असेल.