खोकल्याच्या बाटलीचा दाखला देवळात दाखवण्यासाठी मिळणेबाबत

प्रति,
मा. औषध निरीक्षक साहेब,
जिल्हा कार्यालय, रत्नागिरी.

अर्जदार : सौ. सुनंदा राकेश डोर्लेकर, व्यवसाय मच्छीविक्री, रा. खारवीवाडा, मौजे सडेबंदर, ता. जि. रत्नागिरी.

दिनांक : ५ ऑगस्ट २०२४

विषय : चिठ्ठीवर मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधाने नशा चढते, असा सही-शिक्क्याचा दाखला नारळी पौर्णिमेच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : माझा मे महिन्यातील तक्रार अर्ज व त्यावर आलेले 'तक्रार निकाली' असे आपले उत्तर.

महोदय,

मागच्या अर्जात मी मेडिकल दुकानाची तक्रार केली होती, ती मागे घेते. दुकानदाराने चिठ्ठी पाहून औषध दिले, डॉक्टरांनी खोकला ऐकून चिठ्ठी दिली, आणि आपण दोन्ही तपासून सर्व नियमात असल्याचे कळवले. सर्व नियमात आहे हे मला मान्य आहे. फक्त माझ्या नवऱ्याची शुद्ध ठिकाणावर नाही, आणि तो येत्या पौर्णिमेला पाच माणसे घेऊन समुद्रात जाणार आहे. म्हणून हा दुसरा अर्ज. यात मी कोणाला शिक्षा मागितलेली नाही, तरी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

माझे पती श्री. राकेश हे बोटीवर तांडेल आहेत. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळे कधी टाकायचे आणि खाडीच्या तोंडातून परत आत कसे यायचे, हे सर्व त्यांच्या हाती. गेल्या वर्षी पावसाळ्यात जाळी शिवायला बसले असताना त्यांना खोकला लागला. बंद खोली, ओल धरलेली जाळी, बुरशीचा वास. शिंका थांबेनात. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले. साध्या औषधाने भागेना म्हणून कोडीन असलेली ही बाटली दिली, आणि रात्री झाकणभरच, तेही थोडे दिवस, असे बजावून दिली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. खोकला गेला, पण बाटली घरात राहिली. आता दुपारपर्यंत अर्धी संपते. पहिले डॉक्टर पुन्हा लिहून देईनात तेव्हा हे दुसऱ्याकडे गेले, मग शहरात तिसऱ्याकडे. यांचा खोकला दवाखान्याच्या दारात सुरू होतो आणि चिठ्ठी हातात पडली की जिन्यावरच थांबतो. मी मागे उभी असते म्हणून मला माहीत आहे.

मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढायच्या आधी, भर दुपारी आमची बोट खाडीत शिरत होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि उजव्या हाताला कातळ. तिथे नवख्याच्या हाती कोणी सुकाणू देत नाही. माझा दीर लवू त्याच बोटीवर खलाशी आहे. त्याने घरी येऊन सांगितले की, दादा सुकाणू धरून उभा होता, डोळे उघडे होते, पण हाक मारली तरी ओ देईना. बोट सरळ कातळावर निघाली होती. लवूने धक्का मारून सुकाणू हिसकावले म्हणून बाजू घासून निसटली. मालकाला सांगितले, लाट आली. खलाशी गप्प राहिले, कारण शुद्धीत असताना माझ्या नवऱ्यासारखा तांडेल या बंदरात नाही आणि त्याच्यावर त्यांची चूल पेटते. मी विचारले तर हे म्हणाले की बाटलीवर गाडी चालवू नये असे लिहिले आहे, त्यात बोटीचे नाव कुठे आहे? साहेब, ते चेष्टा करत नव्हते. त्यांना ते खरेच पटलेले होते.

तेव्हा मी बाटली परसात ओतून टाकली. त्यानंतर जे झाले ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. यांच्या अंगाला घाम, पायांत गोळे, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि भिंतीला डोके लावून बसणे. माझ्या सासूबाई जनी यांना ते बघवेना. त्यांनी शेजारच्यांकडून बाटली मागवली आणि स्वतःच्या हाताने चमच्याने पाजली. आई आहे, तिला मी काय बोलणार? इस्पितळातल्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना मी भेटले. ते म्हणाले, असे एकदम तोडू नका, इथे आणा, आम्ही सावकाश सोडवू, पण माणूस स्वतःहून आला पाहिजे. आणि हे म्हणतात, मला व्यसन कुठले? मी नशा करत नाही.

आता मूळ मुद्दा असा आहे. यांना पूर्वी दारू होती. ती सुटावी म्हणून ग्रामदेवीसमोर गाऱ्हाणे घातले. गावाच्या वतीने देवीशी बोलण्याचा मान असलेले आमचे गावकर सखाराम आप्पा यांनी देवीला सांगितले की, हे तुझे लेकरू आजपासून दारूला आणि कोणत्याही नशेला शिवणार नाही, आणि जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणाली. त्या दिवसापासून यांनी दारूला हात लावलेला नाही. भाच्याच्या हळदीत मित्रांनी ग्लास पुढे केला तर जेवण टाकून निघून आले. मी यांना उठता-बसता बोलते, पण देवीला दिलेला शब्द हा माणूस मोडत नाही, हे मी कोर्टातही सांगेन.

म्हणून मी आप्पांकडे गेले आणि म्हटले की ही बाटलीसुद्धा नशाच आहे, शब्दात धरा. आप्पा म्हणाले, "ता औषद हाय गो, डाक्टरनं दिल्याला. औषदाला नशा कशी म्हनायची?" मी हटले नाही. त्यांच्या पडवीत बसून राहिले. शेवटी ते म्हणाले की सरकारचा कागद आण. ही नशा आहे असे सरकारने लिहून दिले, तर पौर्णिमेला नारळ वाहायच्या आधी तो देवीसमोर वाचतो, मग बाटलीही त्याच शब्दात आली. असे झाले तर हे त्याच दिवशी स्वतःहून इस्पितळात चालत जातील. मी त्यांच्याबरोबर संसार केला आहे, मला माहीत आहे.

असा दाखला मागायला मी मागच्या आठवड्यात आपल्या कार्यालयात आले होते. तेथील कर्मचाऱ्यांनी सांगितले की असा नमुना उपलब्ध नाही, आणि औषध मान्यताप्राप्त असल्याने त्यास नशा म्हणता येणार नाही. महोदय, दारूही मान्यताप्राप्त आहे. परवाना असलेल्या दुकानात दिवसाउजेडी मिळते. तिला नशा म्हणायला कधी कोणाची परवानगी लागली नाही. डॉक्टरकडे गेले तर ते खोकला दाखवतात, दुकानदार चिठ्ठी दाखवतो, आपण नियम दाखवता, आप्पा देवी दाखवतात. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर आहे आणि बोट मात्र पौर्णिमेला सुटणार आहे. लवूची बायको तुळसा सात महिन्यांची पोटुशी आहे. ती रोज विचारते, वैनी, यंदा बोट वेळेवर जाणार ना? तिला घरात चार पैसे यायला हवेत. मी मान हलवते आणि टोपली उचलून बाजारात जाते. मला भीती वाटते साहेब. दुसरा शब्द नाही.

तरी पुढील दोहोंपैकी एक कागद आपण स्वतःच्या सहीने द्यावा :

(१) "कोडीन असलेले खोकल्याचे औषध सांगितल्यापेक्षा जास्त घेतल्यास नशा चढते व सवय लागते." एवढी एक ओळ पुरे. दुकानाचे, डॉक्टरचे, कोणाचे नाव नको.

(२) वरील ओळ लिहिणे नियमात बसत नसल्यास असे लिहून द्यावे : "दिवसभर हे औषध पिऊन तांडेलाने माणसे भरलेली बोट खाडीच्या तोंडातून न्यावी-आणावी, यास या कार्यालयाची हरकत नाही."

पौर्णिमा १९ तारखेस आहे. दोहोंपैकी जो कागद येईल तो मी देवळात वाचून दाखवीन. बोटीवर जाणाऱ्या पाचही घरच्या बायका तिथे असतील. आपली माणसे कोणाच्या सहीवर समुद्रात गेली, हे निदान त्यांना माहीत असावे.

कागदाच्या वाटेकडे डोळे लावून,
सौ. सुनंदा राकेश डोर्लेकर
(सही)

सोबत :
१. आपल्या उत्तराची प्रत.
२. रिकामी बाटली.
३. तिकीट लावलेले, माझा पत्ता घातलेले पाकीट.