कूलरजवळचा पाट

प्रिय अक्का,

तुझ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मी तीर्थपुरीला तुझ्या घरच्या ओसरीवर पंगतीत बसलो होतो, आणि तुझी बदनामी ऐकत दोनदा आमटी वाढून घेतली.

तुझ्या थोरल्या जाऊबाई वाढता वाढता सुनांना सांगत होत्या, "पोरीहो, ऊन तापलंय. कूलरात पाणी भरताना आधी बटण बंद करत जा. न्हाईतर आमच्या सुमनसारखं व्हायचं. बाईला समद्या गोष्टीची घाईच लई!" कुणी हसलं नाही. पण तसं नव्हतं, असंही कुणी म्हणालं नाही. तुझी मनीषा तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन दारात बसली होती. तिनं मान खाली घातली. आईच्या आठवणीनं मान खाली जाते ती मी ओळखतो. ही तशी नव्हती. पोरीला तुझी लाज वाटली गं!

आणि मी भात कालवत राहिलो.

तू बटण बंद न करता कूलरात पाणी भरायला गेलीस, ही गोष्ट पसरवली कुणी? मी. ती खोटी आहे हे तुला माहीत होतं आणि मला. तिसरं कुणी नाही. त्या पंगतीपासून घास गिळवत नाही. म्हणून आज गिरणी बंद ठेवून, घरातल्या जुन्या वहीची पानं काढून तुला लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाजवळ तोंड उघडू?

वेंधळी म्हणतात तुला, अक्का. तुला!

आपला पितळी स्टोव्ह आठवतो का? आईसुद्धा त्याला भ्यायची. तू बारा-तेरा वर्षांची असशील. आधी खिडकी उघडायचीस, मग पिन मारायचीस, मग मला दाराशी उभं करून काडी लावायचीस. "भान्या, मागं सर म्हन्ते ना! पिन मारून राह्यले न्हाई का मी? भडका झाला तर तुझं नकटं नाक कुठून आनू?" मी चिडायचो. पण स्टोव्ह फुरफुरायला लागला आणि चहाचा वास सुटला की येऊन तुझ्या पाठीला टेकून बसायचो. थंडीत त्याहून ऊबदार जागा साऱ्या गावात नव्हती.

आणि रेडिओ! त्याच्या बटणाला हात लावायच्या आधी तू परकराला हात पुसायचीस, मग टॉवेलला, मग पुन्हा परकराला. तोवर निम्म्या बातम्या होऊन जायच्या. बापू ओरडायचे, "अगं, रेडिओ लावायलीस का पूजा करायलीस?" तू म्हणायचीस, "ओला हात बराबर न्हाई बापू." अशा पोरीला लोक घाईची म्हणतात, आणि मी ऐकून घेतो!

उन्हाळ्याचं तर विचारूच नको. कूलर यायच्या आधी आपला कूलर तूच होतीस. दुपारी खिडकीला ओलं तरट बांधायचीस, ते वाळलं की पुन्हा भिजवायचीस, आणि वारा पडला की वहीच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालायचीस. मी झोपलो असं वाटून हात थांबला की मी मुद्दाम कुरकुर करायचो. पुन्हा पुठ्ठा हलायला लागायचा. किती छळलं मी तुला!

मग बापूंनी जालन्याहून, मस्तगडातल्या एका पत्र्याच्या दुकानातून तो हिरवा कूलर करून आणला. एसटीच्या टपावर बांधून. मी चौथीत होतो. सारी गल्ली बघायला आली. शेजारच्या काकूंनी जाळीतून आत बोट घातलं आणि म्हणाल्या, "अगं बया, एवढ्या लांबून गवतच आणलं व्हय? मंग ह्याच्यापुढं बैलच बांधा की!" आई हसून हसून खाली बसली होती. त्या दुपारी आपण ओळीनं त्याच्यापुढं झोपलो. ओल्या गवताचा तो वास, अंगावर उडणारा तो बारीक तुषार! मला मधली जागा. तू भिंतीकडेला, जिथं वारा पोचतच नव्हता. हे मला कळायला फार वर्षं लागली, अक्का. कळलं तेव्हाही मी तुला बोललो नाही.

आपला देव त्याच खोलीत. देवापुढं चप्पल चालायची नाही आणि कूलरच्या पत्र्याला झिणझिण्या यायच्या. आईनं त्यावर तोड काढली. कूलरजवळ लाकडी पाट ठेवला. ज्याला पाणी भरायचं त्यानं पाटावर उभं राहून भरायचं. "देवापुढं चप्पल न्हाई अन् कूलरपुढं अनवाणी न्हाई," असं तिचं होतं. आई-बापू गेले, कूलरची मोटर तीनदा बदलली, खोलीला फरशी झाली, पण पाट जागचा हलला नाही. माझ्या हातून हलला. त्या दिवशी पहिल्यांदा.

अक्षय्य तृतीया होती, आपली आखिती. तू माहेरी आलेलीस. मी आई-बापूंच्या नावाची घागर मांडत होतो. घागरीखाली ठेवायचा नवा पाट माळ्यावर होता. कोण चढणार? मी हात लांबवून कूलरजवळचा पाट ओढला, धुतला, त्याच्यावर घागर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. आत आमरस-पुरणपोळीचा स्वयंपाक चाललाच होता. तू बादली घेऊन आलीस आणि विचारलंस,

"भान्या, पाट कुठंय रे?"

मी मागं वळूनही बघितलं नाही. म्हणालो, "घागरीखाली हाय. बटण बंद कर अन् भर तशीच. काही व्हत न्हाई."

"बटण बराबर बंद केलंय बरं का," तू म्हणालीस.

तुझं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर बादली पडल्याचा आवाज.

मी धावलो तेव्हा आधी बटणाकडेच हात गेला. ते बंद होतं! मग पिन उपटली. तोवर तू गेली होतीस. लोक गोळा झाले, फोनवर दाजी ओरडत होते, "कसं झालं रे? कसं झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "बटण चालूच ठेवलं व्हतं तिनं." कुणी शिकवलं होतं मला हे वाक्य? देवाशप्पथ, विचार करून बोललो नाही. पण परत घ्यायला तर वर्ष होतं ना माझ्याकडे!

कुणी शंकासुद्धा घेतली नाही. मी गिरणीवाला. गावात कुणाकडं लाईटीचं काही बिघडलं की आधी मला बोलावतात. भानुदास म्हणाला म्हणजे तसंच असणार.

पाचव्या दिवशी घरात कुणी नसताना मी भिंतीवरचा बोर्ड उघडला. आदल्या वर्षी रंग दिल्यावर तो मीच बसवला होता. आतल्या दोन तारा उलट्या जोडलेल्या. बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण करंट कूलरात तसाच येत राहायचा. पाण्यातल्या मोटरच्या तारेवरचं रबर कुजलेलं. म्हणजे तारा माझ्या, तार बघायचा आळस माझा, पाट हलवला मी, "भर तशीच" म्हणालो मी. तू काय केलंस? तू विचारलंस, तू बटण बंद केलंस, आणि बंद केल्याचं सांगितलंससुद्धा. ह्याहून जास्त काळजी माणसानं काय घ्यायची असते गं?

आठ दिवस आधी त्याच पाटावर उभं राहून पाणी भरताना माझ्या बोटांना जास्तच झिणझिण्या आल्या होत्या. "बघू," म्हणालो होतो. हेही लिहून टाकतो. आता काय राखून ठेवू?

वर्षभर दर चतुर्थीला राजूरला गेलो. चालत गेलो, उपाशी गेलो. गणपतीपुढं उभं राहून सगळं सांगितलं, एकेक शब्द. बाहेर येऊन पायरीवर बसलो की वाटायचं, सांगून झालं. परतीच्या एसटीत बसेपर्यंत पुन्हा छातीवर दगड. मागच्या चतुर्थीला माझ्या ध्यानात आलं, अक्का. देवाशी मी खोटं बोललोच नव्हतो. ज्यांच्याशी बोललो ते तीर्थपुरीला राहतात.

पण जाऊ कसा? दाजी मला धाकटा भाऊ मानतात. मनीषा मामा मामा करत फोन करते. एवढीच दोन माणसं तुझी म्हणून माझ्याकडे उरली आहेत. सांगितलं की तीही गेली. न सांगावं तर तू रोज नव्यानं वेंधळी ठरतेस. सांग ना, काय करू? लहानपणी मी काही फोडलं की तू माझ्याआधी आईकडे जायचीस आणि "माझ्या हातून पडलं" म्हणायचीस. ह्या वेळी पण तूच अंगावर घेतलंस, आणि मी घेऊ दिलं. माझ्यासारखा भाऊ वैऱ्याला नको!

*

इथवर लिहून पाच दिवस झाले. कागद देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

परवा तुझ्या भावजयीला, रेखाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय? जिची आई गेली तिला सांगा. अन् मी संगट येनार न्हाई. माझ्याआड लपताल तुम्ही."

काल पहाटेच्या गाडीनं निघालो, जालन्याला गाडी बदलली, दहाच्या सुमारास तुझ्या दारात. मनीषा अजून माहेरीच होती. दाजी ओसरीवर दाढी करत होते. म्हणाले, "आरं भानुदास! फोन तरी करायचा. मने, मामाला पानी आन."

मी म्हणालो, "दाजी, पानी नको. मला आधी बोलू द्या."

उभ्यानंच सगळं सांगितलं. घागर, पाट, तू काय विचारलंस, मी काय म्हणालो, बटण, तारा, आणि ते फोनवरचं वाक्य. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. दाजींच्या एका गालावर साबण तसाच वाळला.

"म्हंजे," ते म्हणाले, "बटण बंद व्हतं?"

"व्हय दाजी."

त्यांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्ष झालं, मी रोज तिच्यावर चिडून राह्यलो. फोटोपुढं उभा राहतो अन् म्हन्तो, बये, एक बटण बंद कराया काय झाल्तं तुला? एवढी कशाची घाई व्हती? मेलेल्या मानसाला रोज शिव्या दिल्या रे मी. तू द्यायला लावल्या."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. "आज जा तू," म्हणाले. "पुढचं मला म्हाईत न्हाई. आज जा."

मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं पुन्हा पुन्हा तेच विचारलं. "आईनं बंद केलं व्हतं? बिलकुल बंद? तुम्ही डोळ्यानं पाह्यलं?" प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. मामा म्हणाली नाही ती एकदाही. तांब्या तिथंच ओट्यावर आपटला आणि आत स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, शेजारच्या दोन घरांत जाईल असं ओरडली, "काकू! इकडं या! समद्याजणी या! माझ्या आईनं बटण बंद केलं व्हतं!"

तिची मान वर होती, अक्का. रडत होती, पण मान वर होती.

मला कुणी बस म्हणालं नाही आणि मी थांबलो नाही. चालत स्टँडवर आलो. हलकं वाटेल असं म्हणतात, तसं काही वाटलं नाही. वाटू पण नये.

तुला एक शब्द देतो. तुझी माफी मी मागणार नाही, कारण तू लगेच देशील. दाजींनी दार लावलं, मनीषानं फोन उचलला नाही, तर ते माझं आहे, मी सोसेन. आपल्या गावात, तुझ्या गावात, कुठल्याही पंगतीत तुझं नाव त्या तऱ्हेनं निघालं, तर हातातला घास खाली ठेवून मी उठेन आणि खरं काय ते माझ्या नावासकट सांगेन. मी असेपर्यंत. आज सकाळी गिरणीत दळणाला आलेल्या बायकांपासून सुरुवात केली आहे.

तुझा धाकटा भाऊ,
भान्या