समजलं, सर!

३ जुलै, पहाटे ४.४०
आज कॉलेजचा पहिला दिवस. क्लास दहाला. दाढी झाली. बूट पॉलिश झाले. अजून वेळ होता, म्हणून परत पॉलिश केले.

बावीस वर्षं फौजेत ट्रकची इंजिनं दुरुस्त केली. रिटायर झाल्यावर कळलं, बाहेर हाताला कोणी विचारत नाही, सर्टिफिकेटला विचारतात. म्हणून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. फी सरकार भरणार. माजी सैनिकांसाठी योजना आहे, घरटी एकच माणूस. स्वतः किंवा अपत्य. मी 'स्वतः'वर टिक केली.

बायकोने विचारलं, आणि लेकीच्या नर्सिंगचं काय हो? सांगितलं, तीन वर्षांत मी इंजिनिअर, मग तिला माझ्या पगारावर शिकवतो. तोवर ती मेडिकल स्टोअरमध्ये कामाला लागलीच आहे. लाइन औषधांचीच. बायकोने कढईवर झाकण जरा जोरात ठेवलं.

संकल्प: वर्गात पहिला नंबर. निदान पहिल्या तिनात.

६ जुलै
वर्गात माझ्यासकट पन्नास. पोरं मला कमांडर म्हणतात. आदराने. गणिताचे सर माझ्या धाकट्या भावाहून लहान. शिकवून झालं की विचारतात, समजलं का? पोरं नुसती खाली बघतात. मला राहवेना. उभा राहिलो, टाचा जुळवल्या, 'समजलं, सर!' खिडकीतलं कबूतर उडालं. सर खूश. लगेच पुढचा धडा.

(आज काय शिकवलं ते घरी बघायचं.)

१९ जुलै
मागच्या बाकावरच्या एका मुलीने जिन्यात गाठलं. म्हणाली, काका, प्लीज एकदा तरी नाही समजलं म्हणा ना, सर तुमच्याकडे बघून पुढे पळतात. तिला सांगितलं, ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात आमच्यातला एक जण म्हणाला होता, नाही समजलं, साहेब. अख्ख्या तुकडीला ग्राउंडच्या सहा चकरा. त्यानंतर बावीस वर्षं सगळ्यांना सगळं समजत गेलं. ती म्हणाली, पण काका, इथे ग्राउंडच नाहीये.

या पिढीला शिस्त नाही ती नाहीच.

८ ऑगस्ट
लॉगॅरिदम नावाचं प्रकरण आलंय. घाबरायचं कारण नाही. उद्यापासून पहाटे चार ते सहा अभ्यास.

९ ऑगस्ट
चारला उठलो. बूट पॉलिश केले.

१० ऑगस्ट
चारला उठलो. बायकोच्या चपलाही पॉलिश केल्या. ती म्हणाली, त्या रबरी आहेत.

४ सप्टेंबर
लेक कामावरून आल्यावर मला शिकवते. दिवसभर काउंटरला उभी असते, पाय सुजतात, तरी येऊन टेबलाशी बसते. माझाच पान्यांचा सेट ओळीने मांडून तिने अपूर्णांक समजावले. पोरगी छान शिकवते, हे मान्य केलंच पाहिजे. म्हणाली, समजलं का बाबा? समजलं, म्हणालो. मग हे एक सोडवा, म्हणाली. मी अंघोळीला गेलो. सकाळी एकदा झाली होती.

बाहेर आलो तर वहीवर डोकं ठेवून झोपली होती. गणित सोडवून ठेवलं होतं. मी ते फेअर वहीत उतरवलं. अक्षर सुरेख आलं.

२५ सप्टेंबर
चाचणीचा निकाल. तीसपैकी चार. पेपरची छपाई फिकट होती. पंखाही माझ्या बाजूला नव्हता. वर्गात एकूण पास सहा. सरांचा चेहरा पार उतरला. म्हणाले, अरे, मग रोज समजलं, समजलं कोण म्हणत होतं? एकोणपन्नास माना वळल्या. मी सरळ समोर बघत राहिलो.

घरी विचारलं तेव्हा सांगितलं, वर्गाच्या मानाने ठीक.

३१ ऑक्टोबर
कॉलेजचं पत्र. सत्र परीक्षेत नापास झालो तर योजना बंद. एकदा बंद झाली की घरातल्या कोणालाच परत नाही. परीक्षेआधी मात्र अपत्याच्या नावावर करून घेता येते. मुदत योजनेच्या सरकारी ऑफिसात विचारावी.

पत्र पँटच्या खिशात ठेवलं होतं. धुवायला घेताना बायकोला सापडलं. म्हणाली, तुमचं काय जातंय हो, जातंय ते पोरीचं. लेक म्हणाली, राहू दे गं आई, बाबांना शिकायचंय तर शिकू दे. बायकोचं बोलणं एक वेळ चाललं असतं. लेकीचं ऐकून उठलो आणि बूट पॉलिशला घेतले. एकच बूट दोनदा झाला, दुसरा तसाच राहिला.

७ नोव्हेंबर
निर्णय: योजना लेकीच्या नावावर करायची. ही माघार नव्हे. ड्युटी बदलणं आहे. तिला सांगितलं. तिने कपाटातल्या कपड्यांच्या घडीखालून नर्सिंगचा फॉर्म काढून आणला. भरलेला. फोटोही चिकटवलेला. जूनपासून.

१० नोव्हेंबर, शुक्रवार, सायंकाळ
योजनेच्या सरकारी ऑफिसला गेलो. लेक म्हणाली, मीही येते आत. म्हटलं, तू बाकावर बस, ऑफिसची भाषा मला कळते. खिडकीतला क्लार्क भला माणूस. पंधरा मिनिटं समजावलं. कुठला दाखला, कोणाची सही, कुठलं टेबल, कधीपर्यंत. नाव बदलायचा फॉर्म दिला, त्यावर पेनने दोन गोल केले. मग विचारलं, समजलं का काका?

टाचा आपोआप जुळल्या.

बाहेर आलो. लेक उठून उभी राहिली. काय म्हणाले, बाबा? मी फॉर्मकडे बघितलं. दोन गोल होते. कशाचे ते आठवेना. नाही समजलं, म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. इतकं हळू, की तिला परत विचारावं लागलं.

फॉर्म घेऊन ती आत पळाली. खिडकी बंद झाली होती. आता सोमवारी दहाला. परत आली, माझ्याशेजारी बसली. म्हणाली, सोमवारी मी जाते आत, तुम्ही इथे बसा. बसतो, म्हणालो. मग तिने विचारलं, पण मुदत आजपर्यंत होती का सोमवारपर्यंत आहे?

तेही त्याने सांगितलं होतं. दोनदा.