मंगळवारचा बाजार

पुणे

माय,

जय भीम. मी बरी आहे, काळजी करू नको. आमचं नगराध्यक्षायचं प्रशिक्षण चालू आहे. जेवणात भात थोडाच देतेत, बाकी सोय चांगली आहे. तू गुडघ्याले तेल लावून राह्यली ना?

आज शिकवणारे सर म्हणाले, थेट लोकायनं निवडलेला अध्यक्ष असला तर गावाचा धंदा वाढते. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या.

माय, मले रडू येऊन राह्यलं होतं. नोकरीवाल्यायले सुटी असते म्हणून आपला मंगळवारचा बाजार मी रविवारी नेला. नगरसेवक नाई म्हणत होते. मले लोकायनं निवडलं, तुमी कोण, असं म्हणून मी त्यायले गप्प केलं अन् ठराव करून घेतला. पण रविवारी नदीपलीकडे मोठा बाजार भरते, हे मी कशी इसरली? लहानपणी तुह्या टोपलीमागं सातही दिवसाचे बाजार पायी फिरली होती मी!

आता सगळे तिकडंच जातेत, आपल्या बाजाराचे ओटे रिकामे पडले. किराणावाले, चहावाले मले शिव्या देऊन राह्यले. बाजार परत मंगळवारी घेऊ म्हटलं, तर नगरसेवक ठराव होऊ देत नाईत. त्यायच्या पाया बी पडली. आता काय करू, माय?

फोनवर विचाराची हिंमत झाली नाई, म्हणून लिहून राह्यली. शेजारच्या दिव्यानीनं सांगतलं, तू बी रविवारी वांगे घेऊन नदीपलीकडे जाऊन राह्यली. मले राग नाई आला.

फक्त एवढं सांग, तिकडं सगळे वांगे खपतेत ना?

तुही पोरगी,
खुशबू